माळावरचा जाळीवाला लांडगा कोळी आणि ‘पडीक’ची भानगड: थोडी पार्श्वभूमी

माण, खटाव, आटपाडी, जतकडच्या माळावर पावसाळा सरताना सकाळी दव पडलं की गवताच्या बुडाशी सपाट पांढरी जाळी चमकतात, एका कडेला नरसाळ्यासारखं भोक असलेली, ती हिप्पासा नावाच्या कोळ्याची. हा लांडगा कोळ्यांच्या घराण्यातला, मादी अंड्यांची पिशवी मागं चिकटवून फिरते, पिल्लं पाठीवर वागवते, सगळं घराण्याच्या रीतीनं. फक्त भाऊबंद पळून शिकार करतात अन् हा भोकाच्या तोंडाशी बसून राहतो. जाळं चिकट नसतं, किडा पडला की थरथर कळते आणि हा धावून येतो.

कागदावरचा इतिहास तसा छोटा. हिप्पासा अ‍ॅजेलेनॉइडीस ही जात १८८४ ला ब्रह्मदेशातल्या नमुन्यांवरून एका फ्रेंच अभ्यासकानं नोंदवली, पुढच्या वर्षी त्यानंच हिप्पासा हा वेगळा जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट, काढला. १९०० च्या ब्रिटिश हिंदुस्थानच्या प्राणिग्रंथात हिची काही भावंडं आली, १९२४ ला आणखी, मग एकदम १९८० ला लांडगा कोळ्यांचा जाडजूड खंड. ही जात आज भारतापासून तैवानपर्यंत सांगतात. आपल्या माळावरचं प्रत्येक जाळं हिचंच असेल असं नाही, जवळच्या जाती मायक्रोस्कोपशिवाय वेगळ्या काढता येत नाहीत.

आता खरी भानगड. कोळ्याला नाव मिळालं पण तो राहतो त्या जागेला सरकारदरबारी नीट नावच नाही. इंग्रजांच्या हिशोबात ज्या जमिनीतनं सारा येत नाही ती पडीक, आणि १८७८ च्या कायद्यानं जंगल म्हणजे लाकूड, मग गवताळ माळ ना शेत ना जंगल, मधेच लोंबकळला. स्वातंत्र्यानंतरही तेच, १९८५ ला पडीक जमिनीच्या विकासासाठी वेगळं मंडळ निघालं आणि २००० ला देशाचा पडीक जमिनींचा नकाशाच छापला. सातबाऱ्यावर पोटखराबा, म्हणजे लागवडीला न येणारी जमीन, नकाशात पडीक, म्हणजे तिथं काहीही करा, चांगलंच म्हणणार. सुबाभूळ, ग्लिरिसिडिया, निलगिरी लावा, चर खणा. सांगलीकडं तर एक आख्खं अभयारण्य माणसांनी झाडं लावून उभं केलंय, त्याचं कौतुकही होतं. २०१९ ला राज्यात ३३ कोटी झाडांचं टार्गेट होतं, तेवढे खड्डे घ्यायला मोकळी जागा कुठं दिसणार, माळावरच ना. झाड वाढलं की सावलीत कुसळीचं गवत जातं, आणि गवताच्या बुडाशी जाळं लावणाऱ्यानं मग करायचं काय. चराईबंदीनं मेंढरं हाकलली ती वेगळीच गोष्ट, धनगरांना कुणी विचारलं नाही.

दुसरी बाजू पण आहे, माणमध्ये पाऊस ५०० मिलिमीटरच्या आसपास, त्याच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला त्याच्या दहापट, दुष्काळात पाणी अडवायला चर खणणाऱ्याला कोळ्याची गोष्ट सांगून उपयोग नाही. पण चर वेगळा अन् झाडांचं टार्गेट वेगळं, आपल्याकडं दोन्ही एकाच फोटोत असतात.

‘हे पूर्वी जंगलच होतं, माणसानं तोडून माळ झाला’ हे वाक्य या सगळ्याचा पाया. २०२५ ला आलेल्या एका अभ्यासात पश्चिम महाराष्ट्राबद्दलचं साडेसातशे वर्षांचं मराठी वाङ्मय आणि ओव्या चाळल्या, त्यात ४४ रानटी वनस्पती सापडल्या आणि त्यातल्या जवळपास दोन तृतीयांश सव्हानातल्या, म्हणजे गवत आणि विरळ काटेरी झाडं. हा माळ किमान तेवढा तरी जुना, बहुधा खूपच जुना. त्याआधी २०२३ ला मोकळ्या नैसर्गिक प्रदेशांचा नकाशा आला, देशाच्या सुमारे १० टक्के भाग त्यात बसतो.

दरम्यान टेंभू, म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांचं पाणी येईल तसा माळ फुटतोय, द्राक्ष, डाळिंब, ऊस. २०१८ पासून लागवडीला आणलेला पोटखराबा लागवडीलायक म्हणून नोंदवून घेता येतो, त्यामुळं ज्याच्या नावावर माळ आहे त्याला तो माळ ठेवण्यात फायदा काहीच नाही.