‘सिन्स टेन इयर्स’ आणि -इंग: एका रुळलेल्या चुकीची पार्श्वभूमी

बँकेच्या नाहीतर स्पर्धा परीक्षेच्या पेपरात ‘चूक ओळखा’ या प्रश्नात एक वाक्य हटकून असतं: ‘ही इज वर्किंग हिअर सिन्स २०१०.’ उत्तर पाठ असतं, ‘हॅज बीन वर्किंग’. मार्क मिळतो, विषय संपतो. एवढं सगळं होऊनही पुष्कळांच्या डोक्यात पक्कं बसतं ते भलतंच, की दीर्घ काळ चाललेल्या गोष्टीला -इंग लावायचं नसतं. वास्तविक दुरुस्तीत -इंग जागच्या जागी राहिलं आहे. बदललं ते फक्त ‘इज’.

-इंगची आणि लांबलेल्या काळाची सोबत जुनी आहे. नवव्या शतकाच्या अखेरच्या एका इंग्रजी मजकुरात बाल्टिक समुद्रातल्या सफरीचं वर्णन आहे. दर्यावर्दी सात दिवस, सात रात्रींत मुक्कामाला पोचला आणि सगळी वाट जहाज शिडावर ‘धावत होतं’. या ‘धावत होतं’ला आजच्या -इंगचा पूर्वज म्हणता येईल असा -एन्डे हा प्रत्यय आहे. पुढे या प्रत्ययाची रूपं बदलत गेली आणि क्रियावाचक नाम करणाऱ्या -इंगमध्ये तो मिसळून गेला. आजची रचना नेमकी या दोघांपैकी कुणाकडून आली, यावर अभ्यासक अजून भांडतात. आपल्याला त्या भांडणात पडायचं कारण नाही. ‘हॅव बीन’ आणि -इंग ही जोडी चौदाव्या शतकात दिसू लागते. त्या शतकाच्या उत्तरार्धातल्या एका प्रसिद्ध कथाकाव्यात नवरे गमावलेल्या बायका देवळापाशी राज्यकर्त्याला गाठून सांगतात, आम्ही पंधरवडाभर इथे वाट बघतोय. स्पेलिंग वेगळं, पण रचना परीक्षेतल्या उत्तराचीच.

‘हॅव’ मात्र तेव्हा आजच्याइतकं सक्तीचं नव्हतं. त्यानंतर दोनशेएक वर्षांनी शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’ नाटकातही ऑफेलिया राजपुत्राची विचारपूस करते: ‘हाउ डज युअर ऑनर फॉर धिस मेनी अ डे?’ इतके दिवस उलटले, कसे आहात? साधा वर्तमानकाळ आणि शेजारी ‘फॉर’. आजच्या पेपरात हे वाक्य घातलं तर चुकीच्या रकान्यात जाईल. भूतकाळात सुरू होऊन अजून न संपलेल्या क्रियेला ‘हॅव’ लावायचंच, हा दंडक त्यानंतर घट्ट झाला. -इंगचा वापरही अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत भराभर वाढला. ‘घर बांधलं जातंय’ या अर्थाच्या ‘इज बीइंग बिल्ट’वर एकोणिसाव्या शतकातल्या व्याकरणकारांनी केवढी आगपाखड केली. आज ते रूप कुणाच्या डोळ्यावरही येत नाही.

म्हणजे १८३५ साली इंग्रजी शिक्षणाचं धोरण ठरलं आणि इकडच्या शाळांत इंग्रजी पसरू लागली, तेव्हा खुद्द इंग्रजीत हा भाग हलता होता. आपल्याकडे तो पोचला तक्त्यांतून: साधा, चालू, पूर्ण, चालू पूर्ण. चालू म्हणजे बोलण्याच्या क्षणी घडत असलेली क्रिया. शिकवण्याची रीत भाषांतराची, एक मराठी वाक्य, खाली त्याचं इंग्रजी. मराठीत ‘मी दहा वर्षांपासून इथे राहतोय’ हे वाक्य निर्दोष आहे, त्यात वर्तमानकाळच आहे, आणि ‘पासून’ हे ‘सोमवारपासून’लाही चालतं, ‘दहा वर्षांपासून’लाही; इंग्रजीत मात्र पहिल्याला ‘सिन्स’, दुसऱ्याला ‘फॉर’. शब्दाला शब्द ठेवत गेलं की ‘आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स टेन इयर्स’ आपोआप तयार होतं. ही आपल्या डोक्याची खोट नव्हे. जर्मन आणि फ्रेंच माणूसही इथे वर्तमानकाळच वापरतो, आणि आयर्लंडच्या इंग्रजीत ‘आय ॲम लिव्हिंग हिअर धिस टेन इयर्स’ हे वाक्य ऐकू येतं. वेगळी वाट धरली ती प्रमाण इंग्रजीनेच.

मराठीतली आणखी एक खोच इथे आड येते. ‘मी त्याला ओळखतोय’ असं नुसतं म्हटलं तर कानाला खटकतं, तिथे ‘ओळखतो’ हवं. पण ‘मी त्याला गेली वीस वर्षं ओळखतोय’ अगदी सहज येतं. कालावधी जोडला की आपल्याकडे चालू रूपाला दार उघडतं. इंग्रजीत ‘नो’ला ते दार एरवीही बंद आणि वीस वर्षांनंतरही बंदच: ‘आय हॅव नोन हिम फॉर ट्वेंटी इयर्स.’ ‘आय ॲम नोइंग हिम’ची टिंगल शतकभर झाली, विनोदी कवितांतून झाली, पण भारतीय माणूस तसं का बोलतो हे सांगायची तसदी फार थोड्यांनी घेतली.

खरा घोळ घातला तो ‘तात्पुरतं असेल तर -इंग’ या नियमाने. कायमचं राहणं असेल तर ‘आय लिव्ह’, चार महिन्यांसाठी असेल तर ‘आय ॲम लिव्हिंग’. एवढ्यापुरतं ठीक आहे. मात्र हाच नियम कालावधीच्या वाक्यांना लावला की तो मोडतो. ‘आय हॅव बीन लिव्हिंग हिअर फॉर फॉर्टी इयर्स’ असं लंडनचा म्हातारा बिनदिक्कत म्हणतो, आणि चाळीस वर्षांना तात्पुरतं कोण म्हणेल? ‘आय हॅव लिव्ह्ड’ही तो म्हणतो, बऱ्याचदा त्याच अर्थाने. उलट रांगेत तासभर उभा असलेला माणूस ‘हॅज बीन स्टँडिंग’, तर आठशे वर्षं उभं असलेलं देऊळ ‘हॅज स्टुड’. वर्षं मोजून हे ठरत नाही. क्रिया थांबू शकेल, बदलू शकेल असं बोलणाऱ्याला वाटतं की नाही, यावर ठरतं. देऊळ उद्या बसायचं नाही, रांगेतला माणूस बसेल. पुस्तकांनी ही समज एका विशेषणात कोंबली आणि पोरांनी ते विशेषण घोकलं. माझ्या मते ‘सिन्स’च्या चुकीपेक्षा या नियमाने जास्त नुकसान केलं, कारण ‘सिन्स’ निदान दुरुस्त होतो.

भारतीय इंग्रजीची मोजदाद करायचा प्रयत्न महाराष्ट्रातच झाला, हे फारसं कुणाला ठाऊक नसतं. कोल्हापूरच्या विद्यापीठात, भारतात १९७८ साली छापलेल्या इंग्रजी मजकुराचा दहा लाख शब्दांचा संग्रह उभा राहिला. १९६१ च्या अमेरिकी मजकुराच्या तशाच संग्रहाशी तो ताडून पाहता यावा, अशी त्याची आखणी होती. भारतीय इंग्रजीचा अभ्यास करणारे जगभरचे लोक त्याला अजून ‘कोल्हापूर कॉर्पस’ म्हणूनच ओळखतात. त्याची मर्यादाही उघड आहे: सगळा मजकूर छापील, म्हणजे बहुतेक संपादकाच्या कात्रीखालून गेलेला. कॅन्टीनमध्ये, फोनवर, मुलाखतीच्या खोलीबाहेर माणसं काय बोलतात ते त्यात सापडणार नाही.

दरम्यान इंग्रजीची वाटचाल थांबलेली नाही. २००३ साली एका बर्गर कंपनीने ‘लव्ह’ला -इंग लावून जगभर जाहिरात केली आणि वर्गात ते रूप चूक ठरवणं शिक्षकांना जड जाऊ लागलं. ऑफिसच्या मेलमध्ये ‘आय ॲम वर्किंग इन धिस टीम सिन्स थ्री इयर्स’ टाइप केलं की दुरुस्ती सुचवणारं सॉफ्टवेअर ‘हॅव बीन वर्किंग’ पुढे करतं. ‘हॅव वर्क्ड’ही चाललं असतं, हे ते सहसा सांगत नाही. पेपर काढणारेही एका प्रश्नात हे दोन पर्याय शेजारी ठेवायचं टाळतात. ठेवले, तर उत्तरतालिकेवर हरकती येणार हे त्यांना माहीत असतं.