इतिहासचित्र (बेळगाव सीमाभाग)

युद्ध, बंड, परकी सत्ता किंवा धर्मप्रसंग यांचे चित्ररूप म्हणजे इतिहासचित्र. बेळगाव, खानापूर, चिकोडी, निपाणी या मराठी-कन्नड पट्ट्यात ते कलादालनापेक्षा देवळाच्या आवारात, कॅलेंडरवर आणि शिवजयंतीच्या चित्ररथावर जास्त भेटते. त्यामुळे इथे केवळ रंगवलेल्या फलकांचा विचार करून भागत नाही.

सर्वांत जुना नमुना दगडी आहे. वीरगळाच्या, म्हणजे झुंजीत पडलेल्या वीराच्या स्मारकशिळेच्या, खालच्या पट्टीत झुंज, मधल्या पट्टीत वीराला घेऊन जाणाऱ्या अप्सरा आणि वरच्या पट्टीत शिवलिंगापुढे बसलेला तोच वीर; माथ्यावर चंद्रसूर्य. गुरे राखताना पडलेला गावकरीही या मांडणीत देवापाशी पोहोचतो. युद्ध आणि धर्म एकाच चौकटीत बसवण्याची ही रीत पुढे छापील चित्रांतही टिकली. 1894 मध्ये मुंबईत सुरू झालेल्या राजा रविवर्म्याच्या छापखान्याने देवादिकांची चित्रे घराघरांत नेली. शिवाजी महाराजांचेही चित्र त्याच भिंतीवर, त्याच हारासह लागले. कोल्हापूरला जन्मलेले चित्रकार म. वि. धुरंधर यांनी राज्याभिषेकाचा दरबार रंगवला तोही पौराणिक प्रसंगाच्या थाटात.

वसाहतकाळात चित्र हे राजकारणाचेच साधन झाले. टिपूने श्रीरंगपट्टणच्या दर्या दौलत बागेत इंग्रजांवर विजय मिळवलेल्या 1780 च्या पोल्लिलूर लढाईचे भित्तिचित्र काढून घेतले. चौकोनी रचना करून उभी असलेली इंग्रज फौज, स्फोट झालेली दारूगोळ्याची गाडी आणि मेण्यात जखमी इंग्रज सेनानी कर्नल बेली त्यात दिसतात. टिपूच्या पराभवानंतर झालेल्या 1792 च्या तहानंतर रॉबर्ट होम व इतर इंग्रज चित्रकारांनी टिपूची मुले ओलीस घेणारा गव्हर्नर जनरल कॉर्नवॉलिस रंगवला. दोघांनीही रंगवला तो आपापला विजय.

सीमाभागातले ठळक उदाहरण कित्तूरचे. ऑक्टोबर 1824 मध्ये राणी चन्नम्माच्या फौजेने धारवाडचा कलेक्टर थॅकरे याला ठार केले. डिसेंबरात किल्ला पडला आणि 1829 मध्ये राणी बैलहोंगलच्या कैदेत वारली. तिचा सरदार संगोळ्ळी रायण्णा याला 1831 मध्ये खानापूर तालुक्यातील नंदगड येथे फाशी झाली. लोकप्रिय चित्रांत राणी मात्र कायम घोड्यावर, तलवार उपसून, आणि रायण्णा ढाल-तलवार घेऊन उभा. म्हणजे चित्र ऑक्टोबरात थांबते. डिसेंबर त्यात येत नाही. स्पॅनिश चित्रकार गोयाने 1814 मध्ये रंगवलेल्या, फ्रेंच शिपायांनी बंडखोरांना गोळ्या घातल्याच्या ‘3 मे 1808’ या चित्रामध्ये याच्या नेमके उलट आहे: गोळ्या झाडणाऱ्या शिपायांचे चेहरेच दिसत नाहीत, सारा उजेड मरणाऱ्यावर. बाँबहल्ल्यात उद्ध्वस्त झालेल्या गावावरच्या पिकासोच्या 1937 च्या ‘गेर्निका’त तर वीर जवळजवळ नाहीच, आक्रोश करणाऱ्या बाया, मेलेले मूल, तडफडणारा घोडा. आपल्याकडे पराभवाचे चित्र काढायला कोणी फारसे धजावले नाही, हे नोंदवायला हवे.

बेळगावची शिवजयंती वैशाखात, तिथीने होते आणि तिचे खरे आकर्षण म्हणजे चित्ररथांची मिरवणूक. गल्लीगल्लीची मंडळे जिवंत देखावे सादर करतात: अफझलखान वध, पावनखिंडीतला बाजीप्रभू, राज्याभिषेक. पोरे रंग फासून, दाढ्या लावून तासन्‌तास उभी असतात आणि रात्र उलटून जाते. रंगभूषा, दिवे आणि मागचा पडदा यांतून तयार होणारे हे चित्र कुठल्याही कॅन्व्हासपेक्षा जास्त लोक पाहतात. कलासमीक्षेने त्याकडे दुर्लक्ष केले, ते बरे झाले नाही.

शहरातली चित्रशाळांची परंपरा मात्र वेगळ्या वाटेने गेली. चित्रकार के. बी. कुलकर्णी यांच्या ‘चित्रमंदिर’ या चित्रशाळेतून व्यक्तिचित्र आणि निसर्गचित्राचे कसून शिक्षण मिळाले. चित्रकार रवी परांजपे तिथलेच. लढाईपेक्षा चेहऱ्यावरचा उजेड या मंडळींना मोलाचा वाटला.

प्रतिमेवरून होणारा वाद हाही या विषयाचाच भाग. 2020 मध्ये बेळगावजवळच्या पिरनवाडीत चौकातल्या रायण्णाच्या पुतळ्यावरून मराठी-कन्नड तणाव झाला. शेवटी पुतळा राहिला आणि चौकाला शिवाजी महाराजांचे नाव राहिले.