व्हिक्टोरिया वसाहतीत हरवलेल्यांचा शोध : पार्श्वभूमी

ऑस्ट्रेलियातली व्हिक्टोरिया ही १ जुलै १८५१ रोजी न्यू साउथ वेल्सपासून वेगळी वसाहत झाली, आणि त्याच वर्षी तिथे सोनं सापडलं. दहा वर्षांत लोकसंख्या पाऊण लाखाच्या आसपासवरून पाच लाखांपुढे गेली. आलेल्यांपैकी बहुतेकांना इथल्या रानाची काहीच ओळख नव्हती. पश्चिमेकडच्या विमेरा भागात तर जमीन सपाट, झुडपं डोक्याइतकी उंच आणि खूण धरावी असा डोंगरही क्वचितच. घराकडे पाठ करून थोडं चाललं की चारी बाजू सारख्याच दिसत.

शोधाची ठरलेली रीत होती ती अशी : शेजाऱ्यांना निरोप, जवळच्या ठाण्यातून घोडेस्वार शिपाई, मग माणसांची रांग करून रान विंचरणं. ‘कू-ई’ अशी हाळी द्यायची, बंदुकीचे बार काढायचे, रात्री जाळ पेटवायचा. हेतू चांगलाच होता, पण याच गर्दीत पहिला घात व्हायचा. शोधणाऱ्यांचे बूट आणि घोड्यांचे खूर नेमके त्या पुसट पावलांवर पडत. घाबरलेली लहान मुलं अनोळखी हाका ऐकून उत्तर देण्याऐवजी लपून बसत, ती अडचण वेगळीच.

१२ ऑगस्ट १८६४ रोजी विमेरातल्या नॅटिमुकजवळच्या डफ कुटुंबातली तीन मुलं केरसुणीसाठी काड्या तोडायला गेली आणि परतली नाहीत. आयझॅक नऊ वर्षांचा, जेन सात वर्षांची आणि फ्रँक जेमतेम तीन-चार वर्षांचा. ऑगस्ट म्हणजे तिथला हिवाळा. शोधणाऱ्यांना अधूनमधून माग लागत होता, पण मध्येच मोठा पाऊस झाला आणि तो धुऊन गेला. आठवडा होत आला तेव्हा कुठे माग काढणाऱ्या तीन मूलनिवासी पुरुषांना बोलावलं गेलं. त्यांतला एक वोत्जोबालुक समाजातला, गोरे लोक ज्याला ‘डिक-अ-डिक’ म्हणत तो. २० ऑगस्टला, म्हणजे नवव्या दिवशी, तिन्ही मुलं जिवंत सापडली. थंडीत जेनने आपला कपडा धाकट्या भावाला पांघरला होता. वसाहतभर कौतुक झालं ते मुख्यतः जेनचं, आणि ते रास्तच होतं. पण मुलं सापडली ती त्या तिघांच्या नजरेमुळे, हे तितक्याच मोठ्या आवाजात सांगायला हवं होतं. डिक-अ-डिक पुढे १८६८ मध्ये इंग्लंडच्या दौऱ्यावर गेलेल्या मूलनिवासी क्रिकेट संघात होता.

माग काढणं म्हणजे नुसते पायांचे ठसे बघणं नव्हे. आपल्या जागेवरून सरकलेला खडा मागे ओला खळगा सोडतो. उलटलेल्या पानाची दमट बाजू वर येते. दव झटकलं गेलेल्या गवताचा पट्टा बाकीच्या गवताहून गडद दिसतो. मोडलेल्या काडीचं तोंड किती सुकलंय यावरून वेळेचा अंदाज येतो. ऊन तिरपं असताना, सकाळी नाहीतर संध्याकाळी, उथळ ठशाच्या कडेला सावली पडते. भरदुपारी तोच ठसा नाहीसा होतो. खुणा पुसू नयेत म्हणून माग काढणारा मागावरून कधीच चालत नाही, त्याच्या बाजूने चालतो. माग तुटला तर शेवटच्या पक्क्या खुणेपाशी एकाला उभं करायचं आणि बाकीच्यांनी तिथून अर्धवर्तुळात पुढे शोधायचं. यातलं काहीच घाईच्या गर्दीत जमण्यासारखं नाही.

तीन वर्षांनी डेल्सफर्ड या सोनखाणींच्या गावाला नशिबाने साथ दिली नाही. ३० जून १८६७, रविवार. चार, पाच आणि सहा वर्षांचे तीन मुलगे भटकत गेले. शेकडो लोक कामधंदा सोडून रानात उतरले, पण जमीन सोन्यासाठी आधीच उकरलेली, वर्दळीची, आणि रात्री गोठवणाऱ्या. १४ सप्टेंबरला मुलांचे अवशेष मिळाले, एका पोकळ झाडात आणि त्याच्या आसपास. तिथवर पोहोचता आलं तेही एका कुत्र्याने मुलाचा बूट घरी आणला म्हणून.

मोठी माणसंही खुणांच्या बाबतीत चुकत. ऑस्ट्रेलिया खंड दक्षिणेकडून उत्तरेकडे ओलांडायला निघालेल्या बर्क आणि विल्स यांच्या मोहिमेतली, कूपर क्रीक या ओढ्यावर थांबलेली तुकडी २१ एप्रिल १८६१ च्या सकाळी तळ सोडून गेली, आणि बर्क, विल्स व किंग त्याच संध्याकाळी तिथे पोहोचले. झाडावर ‘खणा’ अशी खूण कोरलेली होती. त्यांनी पुरलेलं अन्न काढलं, आपली चिठ्ठी तिथेच पुरली, जमीन पूर्वीसारखी सारखी केली, पण झाडावर नवी खूण मात्र न कोरताच ते पुढे निघाले. ८ मे रोजी तुकडीचा प्रमुख ब्राहे परत येऊन बघून गेला. सगळं जसंच्या तसं दिसल्याने त्याने खणलंच नाही. बर्क आणि विल्स मेले. यांड्रुवांधा या तिथल्या मूलनिवासी लोकांनी सांभाळलेला किंग १५ सप्टेंबरला हॉविटच्या शोधपथकाला सापडला.

रानाबाहेर हरवलेल्यांचा शोध कागदावर चाले. १८५३ पासून निघणाऱ्या पोलिस गॅझेटमध्ये आणि मेलबर्नच्या ‘आर्गस’ या वर्तमानपत्रात ‘हरवलेले मित्र’ अशा मथळ्याखाली चौकशा छापल्या जात : वय, उंची, रंग, कोणत्या जहाजाने आला, शेवटचं पत्र कुठून आलं. अडचणी ठरलेल्या. खाणकामगार नव्या सोन्याची बातमी येताच मुक्काम हलवी, जहाजातून पळालेला खलाशी नाव बदली, कारकून ऐकू आलं तसं नाव लिही, आणि इंग्लंडहून शिडाच्या जहाजाने पत्र यायलाच तीनेक महिने लागत. १ जुलै १८५३ पासून जन्म-मृत्यूची सरकारी नोंद सुरू झाली. मृत्यूच्या दाखल्यात आईवडिलांची नावं, जन्मस्थान, लग्न, मुलं आणि वसाहतीत किती वर्षं काढली हेही विचारलं जाई. आपल्या माणसाचं काय झालं, हे अनेक कुटुंबांना त्या दाखल्यातूनच कळे. पण तंबूत एकट्याने मेलेल्याची माहिती देणारा शेजारी यातलं काहीच जाणत नसला, तर ते रकाने तसेच राहत.