पराठा : भरलेला आणि पदराचा

पराठा म्हणजे तव्यावर तूप, लोणी किंवा तेल सोडून भाजलेली कणकेची अथवा मैद्याची जाडसर पोळी. पंजाब, हरियाणा, दिल्ली, उत्तर प्रदेश आणि बिहार या पट्ट्यात ती न्याहारीचा कणा आहे. पराठ्यांची नावे प्रांतागणिक बदलतात, पण घडण दोनच तऱ्हांची. एकात उंड्यात सारण भरून तो लाटतात. दुसऱ्यात लाटीला तूप लावून घड्या घालतात आणि भाजताना पदर सुटू देतात.

पदरांचे तंत्र मराठी घरांना घडीच्या पोळीमुळे ठाऊक आहे. लाटीला तेलाचे बोट लावायचे, वर पिठी भुरभुरायची, घडी घालायची, पुन्हा तेच करून त्रिकोण लाटायचा. तेलामुळे कणकेचे थर एकमेकांना चिकटत नाहीत आणि तव्यावर आतल्या पाण्याची वाफ होऊन ते सुटे होतात. लच्छा पराठ्यात हेच पुष्कळ पटींनी होते. पातळ लाटलेल्या पोळीला तूप व पिठी लावून तिला साडीसारख्या निऱ्या घालतात, त्या पट्टीचे वेटोळे करतात आणि हलक्या हाताने पुन्हा लाटतात. लाटण्याचा जोर जास्त झाला की पदर मिटलेच.

भरलेल्या पराठ्याचे खरे कसब पाण्यात आहे. मुळा किंवा फ्लॉवर किसून त्यात मीठ घातले की काही मिनिटांत पाणी सुटते. असे सारण भरले तर पारी भिजते आणि लाटताना फाटते. म्हणून किस घट्ट पिळून घेतात, निघालेल्या पाण्यातच कणीक भिजवतात आणि मीठ अगदी भरायच्या वेळी घालतात. उकडलेला बटाटा पूर्ण गार व्हावा लागतो, कारण गरम बटाट्याची वाफ आतच अडकून कणीक चिकट होते. कांदा जाड चिरला तर त्याची टोके पारीतून बाहेर येतात. सर्वांत महत्त्वाचे, सारण आणि कणीक यांचा मऊपणा सारखा हवा. सारण घट्ट असेल तर ते मध्येच गोळा होऊन राहते आणि कडा कोऱ्या जातात. पुरणपोळी करणाऱ्या हाताला हे वेगळे शिकवावे लागत नाही. भाजतानाही क्रम असतो. आधी दोन्ही बाजू कोरड्या शेकायच्या, ठिपके उमटू लागले की मगच तूप सोडायचे.

सारण भरलेल्या पोळ्यांची परंपरा दख्खनलाही नवी नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या 12व्या शतकातील ग्रंथात गव्हाच्या मांड्यांचे आणि पोळ्यांचे वर्णन आहे. महाराष्ट्रातील पुरणपोळी, गूळपोळी आणि सांज्याची पोळी, खानदेशात पालथ्या खापरावर भाजले जाणारे पुरणाचे मांडे, कर्नाटकातील होळिगे, आंध्रातील बोब्बट्लु आणि गुजरातची वेढमी ही या कुळाची गोड शाखा. ती सणाची, न्याहारीची नव्हे. आज सर्वांत लोकप्रिय असलेला आलू पराठा मात्र तुलनेने अलीकडचा. बटाटा पोर्तुगीजांमार्फत भारतात आला आणि उत्तरेकडे त्याची लागवड इंग्रजी अमदानीत फोफावली.

पंजाबात भरलेल्या पराठ्यावर पांढऱ्या लोण्याचा गोळा, सोबत दही आणि लोणचे असते. दिल्ली-अंबाला मार्गावर सोनीपत जिल्ह्यातील मुरथळ येथील ढाब्यांवर तो तव्याऐवजी तंदूरमध्ये भाजतात. अमृतसरचा कुलचाही तंदूरचाच. मैद्याच्या पिठात तुपाचे पदर पाडून त्यात बटाटा-कांद्याचे सारण भरतात, म्हणजे दोन्ही तंत्रे एकाच रोटीत येतात. तो हाताने चुरडून छोले आणि चिंच-कांद्याच्या चटणीबरोबर खातात. दिल्लीच्या चांदणी चौकातील पराठेवाली गलीत पराठा भाजत नाहीत, पसरट कढईत तुपात तळतात. तेथील जुन्या दुकानांत कांदा-लसूण वापरत नाहीत, आणि सोबत लाल भोपळ्याची भाजी देतात.

बिहारचा सत्तूचा पराठा महाराष्ट्रात अजून पुरेसा पोचलेला नाही, आणि ही उणीव खरोखर भरून निघायला हवी. भाजलेल्या हरभऱ्याच्या पिठात लसूण, हिरवी मिरची, ओवा, कलौंजी, लिंबू, लोणच्याचा खार आणि कच्चे मोहरीचे तेल कालवतात. सत्तू मुळात कोरडे असल्यामुळे येथे अडचण उलट असते. ते मुठीत दाबल्यावर लाडूसारखे टिकेल इतपतच ओलवावे लागते. सोबत भाजलेल्या वांग्या-बटाट्याचा चोखा हवाच. कोलकात्याचा मुघलाई पराठा चौकोनी असतो. मैद्याची पातळ पोळी पसरून त्यावर अंडे आणि खिमा घालून चारही बाजूंनी घडी मिटतात आणि भरपूर तेलात तळतात.

केरळ आणि तमिळनाडूतील परोटा पूर्णपणे मैद्याचा. तेलात मुरवलेला गोळा ओट्यावर आपटून, ओढून कागदाइतका पातळ करतात, त्याची दोरी वळून वेटोळे करतात. भाजून झाल्यावर चार-पाच परोटे एकावर एक रचून दोन्ही तळव्यांनी कडेने थापटतात, तेव्हा पदर सुटतात. 2020 साली कर्नाटकातील जीएसटीच्या अग्रिम निर्णय प्राधिकरणाने बांधीव पाकिटातील परोटा रोटीच्या वर्गात बसत नाही, असे ठरवून त्यावर 18 टक्के कर लागू धरला. त्यावर देशभर वाद झाला. 22 सप्टेंबर 2025 पासून रोटीबरोबर पराठा-परोट्यावरील जीएसटीही शून्य झाला.

एकोणिसाव्या शतकात ऊसमळ्यांवर गेलेल्या गिरमिटिया, म्हणजे करारबद्ध, मजुरांनी हे पदार्थ समुद्रापार नेले. मॉरिशस आणि त्रिनिदादमध्ये पिवळ्या वाटाण्याच्या डाळीचे सारण भरलेली दालपुरी आजही रस्तोरस्ती मिळते. त्रिनिदादमध्ये तव्यावरच उलथन्यांनी फोडून चिंध्या केलेला पदराचा पराठाही खातात. मलेशियातील रोटी चनाई ही दक्षिण भारतीय स्थलांतरितांच्या परोट्याचीच नातलग. ती सकाळी डाळीच्या कालवणाबरोबर खातात.