डिव्हाइस ड्रायव्हरमधलं सस्पेंड आणि रिझ्यूम

लॅपटॉपचं झाकण मिटलं की मशीन झोपतं, उघडलं की जिथे होतं तिथून पुढे चालू होतं. यातल्या झोपण्याला सस्पेंड आणि उठण्याला रिझ्यूम म्हणतात. बाहेरून वाटतं की हे सगळं ऑपरेटिंग सिस्टिम करते, पण खरी मजुरी करतात ते ड्रायव्हर (एकेक हार्डवेअर चालवणारे प्रोग्राम), म्हणजे वायफायचा, टचपॅडचा, साउंडचा, ग्राफिक्सचा, एसएसडीचा, प्रत्येकाचा वेगळा, आणि त्यातला एक जरी गडबडला तरी अख्खं मशीन काळी स्क्रीन दाखवत बसतं. खाली जे लिहिलंय ते मुख्यतः लिनक्स कर्नलचं (त्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचं) आहे, कारण तिथला कोड कुणालाही उघडून बघता येतो.

आधी ही जबाबदारी ड्रायव्हरवर एवढी नव्हती. १९९२ साली इंटेल आणि मायक्रोसॉफ्टने एपीएम हे वीज वाचवायचं स्टँडर्ड आणलं, त्यात बरंचसं काम बायॉस (मदरबोर्डवरचा प्रोग्राम) परस्पर उरकायचा. मग डिसेंबर १९९६ मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी एसीपीआय हे पुढचं स्टँडर्ड काढलं आणि सूत्रं ऑपरेटिंग सिस्टिमच्या हातात आली. एसीपीआयमध्ये अख्ख्या सिस्टिमच्या अवस्था 'एस'ने मोजतात: एस ० म्हणजे जागं, एस ३ म्हणजे फक्त रॅमला वीज आणि बाकी जवळपास सगळं बंद, एस ४ म्हणजे रॅममधलं सगळं डिस्कवर लिहून मशीन बंद (हायबरनेट), एस ५ म्हणजे शटडाउन. एकेका डिव्हाइसच्या अवस्था मात्र 'डी'ने मोजतात, डी ० पासून डी ३ पर्यंत, आणि नव्या माणसाचा एस आणि डीमध्ये हमखास घोळ होतो. त्यात डी ३ चे पुन्हा दोन प्रकार आहेत, हॉट आणि कोल्ड. हॉटमध्ये डिव्हाइस झोपलेलं असलं तरी वीज असते, त्यामुळे त्याची कॉन्फिग स्पेस (ओळख आणि सेटिंग ठेवायची जागा) वाचता येते. कोल्डमध्ये वीजच काढलेली, म्हणजे आतलं सगळं पुसलेलं. पीसीआय (कार्ड आणि चिपा जोडायचा मार्ग) डिव्हाइसला डी ३ हॉटमधून डी ० ला आणलं की १० मिलिसेकंद थांबावं लागतं, त्याआधी हात लावायचा नाही. हे थांबणं बहुतेक वेळा कर्नलमधला पीसीआयचा सामायिक कोड, म्हणजे पीसीआय कोर, ड्रायव्हरच्या वतीने सांभाळतो.

लिनक्समध्ये झोपायची ऑर्डर आली की आधी डिस्कवर लिहायचं राहिलेलं लिहून होतं, मग सगळ्या युझर प्रोसेस गोठवतात (२० सेकंदांत नाही गोठल्या तर बेत रद्द), आणि मग ड्रायव्हरांची पाळी येते. ड्रायव्हर आपले फंक्शन 'डेव्ह पीएम ऑप्स' (पीएम म्हणजे पॉवर मॅनेजमेंट) नावाच्या स्ट्रक्चरमध्ये भरून देतो आणि कर्नल ते टप्प्याटप्प्याने बोलावतो: प्रिपेअर, सस्पेंड, सस्पेंड लेट, आणि इंटरप्ट (डिव्हाइसने प्रोसेसरला मारलेल्या हाका) बंद झाल्यावर सस्पेंड नो-आयआरक्यू. उठताना हीच माळ उलटी. क्रमही उलटा असतो, झोपताना आधी मूल (जोडलेलं डिव्हाइस) मग आईबाप (ते ज्याला जोडलंय ते), उठताना आधी आईबाप मग मूल. आय-टू-सी बसवर (छोट्या चिपा जोडायच्या तारांवर) टचपॅड लटकलेलं असेल आणि बसचा कंट्रोलर आधी झोपला तर टचपॅडला 'झोप' हे सांगणार कोण? फक्त आईबाप-मूल एवढ्या झाडानेही भागत नाही, कारण एखाद्या डिव्हाइसचं क्लॉक (ठोके देणारा सिग्नल) एकीकडून येतं, रेग्युलेटर (वीज पुरवणारा) दुसरीकडून, म्हणून २०१७ च्या ४.१० व्हर्जनपासून 'डिव्हाइस लिंक' आले, ज्यात ड्रायव्हर सरळ सांगू शकतो की मी अमक्यावर अवलंबून आहे, माझ्याआधी त्याला झोपवू नका.

सस्पेंड फंक्शनमध्ये करायचं काय, तर नवीन कामं घेणं थांबवायचं, चालू असलेला डीएमए (डिव्हाइसने थेट मेमरीत चालवलेली देवाणघेवाण) संपू द्यायचा, टायमर आणि वर्कक्यू (नंतर करायला ठेवलेली कामं) रद्द करायच्या, हार्डवेअर जे रजिस्टर (आतल्या छोट्या नोंदी) विसरणार ते जपून ठेवायचे आणि मग क्लॉक नि वीज काढायची. वाचायला सोपं आहे. गंमत होते ती शेअर्ड इंटरप्टची. समजा तुमचं कार्ड झोपलंय पण त्याच इंटरप्ट लाइनवर दुसरं एक जागं डिव्हाइस आहे, त्याने लाइन ओढली, कर्नलने तुमचाही हँडलर (इंटरप्ट आल्यावर चालणारं फंक्शन) बोलावला आणि हँडलरने सवयीने स्टेटस रजिस्टर वाचला. पीसीआयवर डिव्हाइस उत्तर देत नसेल तर वाचनात सगळे एक येतात, म्हणजे ३२ बिटांचा रजिस्टर असेल तर आठही हेक्स अंक एफ. हँडलरला वाटतं पॅकेट आलं, एरर आली, लिंक तुटली, सगळं एकदमच झालं, आणि 'स्टेटस शून्य होईपर्यंत फिरत राहा' असा लूप लिहिलेला असेल तर तो कायमचा फिरतो. म्हणून सगळे एक दिसले की 'डिव्हाइस जागेवर नाही' असं समजून बाहेर पडायचं, ही दोन ओळींची तपासणी आहे, पण ती नसल्यामुळे लोकांचे आठवडे जातात.

रिझ्यूम त्याहून त्रासदायक. वायफाय कार्डाला उठल्यावर फर्मवेअर (कार्डाच्या आत चालणारा प्रोग्राम) परत भरायला लागतं, फर्मवेअरची फाइल डिस्कवर, आणि डिस्क स्वतःच अजून अर्धवट झोपेत. यावर तोडगा म्हणून कर्नल झोपायच्या आधीच त्या फाइल मेमरीत आणून ठेवतो. दुसरी गोष्ट म्हणजे चुकांचा हिशोब दोन्ही बाजूंना सारखा नाही: सस्पेंडमधून एका ड्रायव्हरने एरर परत केली की सगळी झोप रद्द होते, रिझ्यूममधून एरर दिली तर कर्नल फक्त लॉगमध्ये लिहून पुढे जातो, कारण दुसरं करणार काय. पहिल्या प्रकारात काय होतं ते मी स्वतः बघितलंय, झाकण मिटून लॅपटॉप बॅगेत टाकला आणि प्रवासानंतर बाहेर काढला तर तव्यासारखा तापलेला, बॅटरी संपत आलेली. लॉगमध्ये एक ओळ, यूएसबीवरच्या कुठल्याशा डिव्हाइसने 'मी बिझी आहे' म्हटलं होतं. बस.

यूएसबीचा अजून एक किस्सा म्हणजे झोपेत पोर्टची वीज गेली तर कर्नल उठल्यावर पोर्ट रीसेट करून 'हे तेच डिव्हाइस असावं' असं ओळखपत्रावरून ठरवतो, नाहीतर माउंट केलेली पेनड्राइव्ह दरवेळी निघाल्यासारखी होईल. पण झोपेत कुणी तीच पेनड्राइव्ह दुसऱ्या मशीनवर नेऊन लिहून परत लावली तर फाइलसिस्टिमची वाट लागू शकते, तेव्हा ते करू नये.

हे झालं अख्ख्या सिस्टिमचं. सिस्टिम जागी असतानाच रिकामटेकडं डिव्हाइस एकट्याने झोपवणं याला रनटाइम पीएम म्हणतात, राफाएल विसोत्स्की यांनी लिहिलेली ही चौकट २००९ च्या २.६.३२ मध्ये आली. यात वापराचा काउंटर असतो, गरज लागली की 'गेट', काम झालं की 'पुट'. सापळा असा की जुनं 'गेट सिंक' फंक्शन फेल झालं तरी काउंटर वाढवून ठेवतं, ड्रायव्हर लिहिणारा एरर बघून तसाच परत फिरतो आणि डिव्हाइस नंतर कधी झोपतच नाही. ही चूक इतक्या ड्रायव्हरांत सापडली की फेल झाल्यावर काउंटर आपणहून कमी करणारं वेगळं फंक्शन द्यावं लागलं.

हल्लीच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये एस ३ उरलेलंच नाही. विंडोजने २०१२ मध्ये विंडोज ८ बरोबर कनेक्टेड स्टँडबाय आणलं, पुढे त्याचं मॉडर्न स्टँडबाय झालं. लिनक्समधला तसाच प्रकार म्हणजे 'सस्पेंड टू आयडल'. कागदोपत्री सिस्टिम एस ० मध्येच असते, आणि मशीनचं फर्मवेअर (बायॉस) येऊन सरसकट वीज कापत नाही. म्हणजे जो ड्रायव्हर आधी आळस करायचा आणि एस ३ मुळे झाकला जायचा तो आता उघडा पडतो: एकच डिव्हाइस डी ० मध्ये राहिलं तरी प्रोसेसर सगळ्यात खोल झोपेत जात नाही आणि सकाळी बॅटरी निम्मी.

तपासायचं असेल तर सिसएफएसमध्ये (कर्नलच्या सेटिंग फाइलींसारख्या दिसतात त्या जागेत) 'पॉवर'खाली 'पीएम टेस्ट' नावाची फाइल असते, तिच्यात 'डिव्हाइसेस' लिहून मग झोपायला सांगितलं की फक्त ड्रायव्हर झोपतात, ५ सेकंद थांबतात आणि परत उठतात, फर्मवेअरपर्यंत गोष्ट जातच नाही. इथेच अडकलं तर दोष ड्रायव्हरमध्ये. मशीन पूर्ण मेलं तर 'पीएम ट्रेस' आहे, तो शेवटचं ठिकाण मशीनच्या घड्याळाच्या चिपमध्ये लिहून ठेवतो कारण रीबूटनंतर तेवढंच टिकतं. अर्थात त्यात खरी वेळ पुसली जाते, तेव्हा पुढच्या बूटला तारीख भलतीच दिसली तर घाबरायचं नाही, घड्याळ परत लावायचं.