विद्यार्थी नेतृत्व विकास केंद्रे आणि ती चालवणारे समन्वयक : पार्श्वभूमी

ठाणे आणि नवी मुंबई परिसरातील महाविद्यालयांत दरवर्षी जून-जुलैमध्ये समित्यांची यादी निघते. परीक्षा, शिस्त, ग्रंथालय, महिला विकास कक्ष अशी नावे ओलांडत खाली गेले की अलीकडच्या काही वर्षांत ‘विद्यार्थी नेतृत्व विकास केंद्र’ किंवा त्याच्याशी मिळतेजुळते नाव दिसू लागले आहे आणि त्यापुढे एका प्राध्यापकाचे नाव ‘समन्वयक’ म्हणून लिहिलेले असते. सोबतच्या कार्यालयीन आदेशात ‘आपले नियमित अध्यापन सांभाळून’ आणि ‘पुढील आदेशापर्यंत’ हे दोन शब्दप्रयोग हमखास असतात. केंद्राच्या कार्यक्रमांविषयी पुष्कळ लिहिले जाते, परंतु केंद्र चालवणारी ही माणसे कोठून आली आणि त्यांच्याकडे हे काम कसे आले, हे फारसे सांगितले जात नाही. त्यांच्या आजच्या अडचणी समजून घ्यायच्या असतील, तर किमान गेल्या तीन दशकांचा मागोवा घेणे आवश्यक आहे.

त्याआधीचा काळ थोडक्यात सांगता येतो. १८५७ मध्ये स्थापन झालेले मुंबईचे विद्यापीठ सुरुवातीला परीक्षा घेऊन पदव्या देणारे विद्यापीठ होते. विद्यार्थ्यांच्या वर्गाबाहेरील आयुष्याची व्यवस्था महाविद्यालयांच्या जिमखान्यात, वादसभांत आणि वार्षिक स्नेहसंमेलनात होत असे आणि ती पाहणारा प्राध्यापक ते काम आवडीने करी. स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कायद्याने राष्ट्रीय छात्रसेना उभी राहिली आणि गणवेश घालणारा प्राध्यापक महाविद्यालयात दिसू लागला. २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, ३७ विद्यापीठांत सुमारे ४० हजार विद्यार्थ्यांना घेऊन राष्ट्रीय सेवा योजना (एन.एस.एस.) सुरू झाली. ठाण्याच्या खाडीकाठी पदवी महाविद्यालये उभी राहिली तीही याच सुमारास, आणि खाडीपलीकडे नवे शहर वसवण्यासाठी १९७० मध्ये स्वतंत्र महामंडळ स्थापन झाले. त्यामुळे या पट्ट्यातील पहिल्या पिढीच्या प्राध्यापकांना ‘एन.एस.एस.’ ही नव्याने आलेली योजना वाटली नाही. त्यांच्या महाविद्यालयाइतकेच तिचेही वय होते.

सेवा योजनेच्या कार्यक्रम अधिकाऱ्याचे काम येथे नीट पाहून ठेवावे लागते, कारण पुढच्या सर्व पदांची तुलना अखेर त्याच्याशीच होते. एका एककात साधारण शंभर स्वयंसेवक, वर्षाला १२० तासांचे नियमित काम, दत्तक गावात सात दिवसांचे विशेष शिबिर, अधिकाऱ्यासाठी प्रशिक्षण आणि मानधन अशी सारी चौकट लेखी ठरलेली आहे. ठाण्यातील महाविद्यालयांची शिबिरे मुरबाड, शहापूर, वाडा या तालुक्यांत होत आली. तेथे वनराई बंधारा घालताना सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून त्या हातोहात पुढे देण्यासाठी साखळी करावी लागते. त्या साखळीत कोणी कोठे उभे राहायचे, दमलेल्याला कधी बाजूला घ्यायचे, जेवणाची पाळी कोणाची, हे तिसऱ्या दिवसापासून विद्यार्थीच ठरवू लागतात. नेतृत्व हा शब्द त्या शिबिराच्या वेळापत्रकात कोठेही नसतो. तरी या भागातील कित्येक सरपंच, शिक्षक आणि कार्यकर्ते आपली सुरुवात अशाच एखाद्या शिबिरातून झाल्याचे सांगतात.

सेवा योजनेच्या बरोबरीने महाविद्यालयांत दुसरा प्रवाह वाहत होता तो निवडणुकांचा. वर्गाचा ‘सी.आर.’, मुलींची ‘एल.आर.’, महाविद्यालयाचा ‘जी.एस.’ आणि विद्यापीठावर जाणारा ‘यू.आर.’ ही विद्यार्थी प्रतिनिधींच्या पदांची अक्षरे त्या काळच्या विद्यार्थ्यांच्या तोंडी होती. पॅनेल, पत्रके, वर्गावर्गांत जाऊन केलेली भाषणे हा त्या दिवसांचा भाग होता, आणि त्याबरोबर पैसा, बाहेरच्या संघटनांचा हस्तक्षेप व मारामाऱ्याही होत्या. १९८९ मध्ये मुंबईत महाविद्यालयीन निवडणुकीच्या वादातून एका विद्यार्थी कार्यकर्त्याचा खून झाला. त्या घटनेने पालक, प्राचार्य आणि शासन या तिघांनाही हादरा बसला आणि खुल्या निवडणुकांविरुद्धचे मत पक्के होत गेले.

१९९४ च्या महाराष्ट्र विद्यापीठ कायद्याने या प्रश्नावर जो निर्णय घेतला, तो या सगळ्या पार्श्वभूमीचा कणा आहे. या कायद्याच्या ४० व्या कलमाने महाविद्यालयातील विद्यार्थी परिषदेची रचनाच बदलली. प्रत्येक वर्गातून आदल्या वर्षीच्या परीक्षेतील गुणवत्तेवर एक विद्यार्थी घ्यायचा, क्रीडा, सेवा योजना, छात्रसेना आणि सांस्कृतिक कार्य यांतून प्राचार्यांनी एकेक विद्यार्थी नेमायचा, शिवाय दोन विद्यार्थिनी प्राचार्यांनीच नेमायच्या, आणि अशा सदस्यांनी आपल्यातून सचिव निवडायचा. परिषदेच्या अध्यक्षस्थानी प्राचार्य आणि सदस्यांत प्राध्यापकही होते. हिंसाचार थांबवण्याचा हेतू निर्विवाद होता, आणि तो बऱ्याच अंशी साध्य झाला हेही मान्य केले पाहिजे. परंतु वर्गात पहिल्या आलेल्या मुलाला किंवा मुलीला प्रतिनिधित्वाची इच्छा आहे का, हे विचारण्याची सोय त्या कलमात नव्हती. वर्गाने ज्याच्यावर विश्वास टाकला आहे तो आणि गुणपत्रिकेत ज्याचे नाव वर आहे तो, हे दोघे एकच असतील असे कायद्याने गृहीत धरले होते.

हा बदल सर्वांत जवळून अनुभवला तो परिषदेचे काम पाहणाऱ्या प्राध्यापकांनी. अभ्यासात गढलेल्या विद्यार्थ्याला बैठकीला बोलावून आणणे, सचिवपदासाठी कोणी तयार होत नसेल तर एखाद्याची मनधरणी करणे, विषयपत्रिका स्वतः लिहून सचिवाच्या सहीसाठी पुढे ठेवणे ही कामे त्यांच्या अंगावर आली. पूर्वी वादंग आवरण्यात जाणारा त्यांचा वेळ आता बैठकीतली शांतता मोडण्यात जाऊ लागला. ज्यांच्याकडे खरोखर माणसे जमवण्याची हातोटी होती, ते विद्यार्थी परिषदेबाहेरच राहिले. हा निर्णय त्या वेळच्या परिस्थितीत समजण्यासारखा असला, तरी तो तात्पुरता ठेवण्याऐवजी दोन दशकांहून अधिक काळ कायम ठेवला गेला, ही त्यातील मोठी चूक होती असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

या मताला पुढे एका महत्त्वाच्या दस्तऐवजाचा आधार मिळाला. विद्यार्थी निवडणुकांसाठी नेमलेल्या राष्ट्रीय समितीच्या शिफारशी सर्वोच्च न्यायालयाने २२ सप्टेंबर २००६ च्या आदेशाने लागू केल्या. त्यांतील उमेदवाराच्या खर्चाची ५ हजार रुपयांची मर्यादा, वयाची अट आणि ७५ टक्के उपस्थिती या बाबी सर्वांना आठवतात. मात्र त्याच अहवालात असेही म्हटले होते, की जेथे वातावरण अनुकूल नसेल तेथे नामनिर्देशनाची पद्धत चालू शकेल, पण ती केवळ शैक्षणिक गुणवत्तेवर आधारलेली असू नये आणि पाच वर्षांच्या काळात संस्थांनी निवडणुकीच्या पद्धतीकडे वळावे. महाराष्ट्रात तर नेमकी गुणवत्तेची पद्धतच चालू होती. तरीही येथील कायदा बदलण्यास आणखी दहा वर्षे लागली.

प्रतिनिधित्वाची जागा अशी रिकामी झाली, तेव्हा ती भरून काढण्यासाठी कार्यशाळा आल्या. व्यक्तिमत्त्व विकास, संवादकौशल्य, संघभावना अशा नावांनी एकदिवसीय आणि तीनदिवसीय कार्यक्रम होऊ लागले. या काळात एक वेगळी गोष्टही घडली, जिची दखल केंद्रांच्या अहवालांत क्वचितच घेतली जाते. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस व्यवस्थापन आणि माध्यम या विषयांचे विनाअनुदानित पदवी अभ्यासक्रम सुरू झाले आणि त्यांच्याबरोबर आंतरमहाविद्यालयीन महोत्सवांची लाट आली. २००४ मध्ये ठाणे-वाशी रेल्वेमार्गावर प्रवासी गाड्या धावू लागल्या, तेव्हा ठाण्याची मुले ऐरोली, वाशी, नेरूळच्या महाविद्यालयांत आणि तेथील मुले ठाण्यात सहज ये-जा करू लागली. ‘कोअर कमिटी’, ‘सी.एल.’ (महाविद्यालयाच्या चमूचा प्रमुख), ‘पी.आर.’ (जनसंपर्क) ही पदे विद्यार्थ्यांनी स्वतः निर्माण केली. प्रायोजक मिळवणे, मंडपवाल्याशी भाव ठरवणे, रात्री उशिरा शेवटच्या गाडीपर्यंत सर्वांना सुखरूप पोचवणे हे सारे एकोणीस-वीस वर्षांची मुले करत होती. परिषदेवर जाण्याचा मार्ग बंद झालेल्यांना येथे वाट मिळाली. अर्थात यात पैशाचे वजन मोठे होते, आणि कला शाखेतल्या किंवा संध्याकाळी नोकरी करणाऱ्या विद्यार्थ्याला या वाटेवर फारशी जागा नव्हती.

२०१६ चा महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा १ मार्च २०१७ पासून अमलात आला. ‘विद्यार्थी कल्याण’ या जुन्या नावाऐवजी ‘विद्यार्थी विकास’ हे नाव या कायद्याने रूढ केले आणि त्यासाठी विद्यापीठ पातळीवर मंडळ व संचालक यांची तरतूद केली. कल्याण म्हणजे गरजूला मदत आणि विकास म्हणजे क्षमता वाढवणे, असा अर्थ त्यातून घेतला गेला. याच कायद्याच्या ९९ व्या कलमाने अध्यक्ष, सचिव, महिला प्रतिनिधी आणि मागास प्रवर्गांतील प्रतिनिधी यांची सर्व विद्यार्थ्यांच्या मतदानाने थेट निवड करण्याची पद्धत आणली. २०१९-२० या शैक्षणिक वर्षासाठी वेळापत्रकही ठरले होते. महाविद्यालयांत समन्वयक मतदारयाद्या, आचारसंहिता, मतपेट्या यांच्या तयारीला लागले. विधानसभा निवडणुकीमुळे ते वेळापत्रक पुढे ढकलले गेले आणि मार्च २०२० मध्ये महाविद्यालयेच बंद झाली. पंचवीस वर्षांनी मिळू पाहणारा अनुभव त्या पिढीच्या हातून असा निसटला.

समन्वयकांच्या दृष्टीने गेल्या पंधरा वर्षांतील आणखी दोन घडामोडींचा परिणाम कायद्याहूनही जास्त झाला आहे. पहिली घडामोड पदोन्नतीच्या नियमांची. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमावलीत सहशालेय उपक्रमांना गुणांक मिळाले आणि २०१८ च्या नियमावलीत समन्वयकपद, विद्यार्थी मंडळे, सेवा योजना, छात्रसेना अशा कामांतील सहभाग मूल्यमापनाचा भाग झाला. काही प्राध्यापकांना त्यामुळे प्रथमच आपल्या कामाची नोंद झाल्याचे समाधान मिळाले, तर काही ठिकाणी केवळ त्या नोंदीपुरतीच पदे मागितली जाऊ लागली. दुसरी घडामोड ‘नॅक’ या महाविद्यालयांचा दर्जा तपासणाऱ्या राष्ट्रीय संस्थेच्या मूल्यांकनाची. विद्यार्थी साहाय्य व प्रगती या पाचव्या निकषासाठी प्रत्येक उपक्रमाची सूचना, उपस्थितीपत्रक, अहवाल आणि छायाचित्रे लागू लागली. त्यामुळे केंद्राच्या समन्वयकाचा मोठा वेळ पुरावे जमवण्यात जाऊ लागला.

नवी मुंबईतील एका महाविद्यालयात असे केंद्र पाहण्याचा योग आला. जिन्याखालच्या खोलीत एक लोखंडी कपाट, एक टेबल आणि चार खुर्च्या होत्या. दारावरच्या पाटीवर नव्या नावाचा कागद चिकटवला होता आणि त्याच्या कडेखालून ‘कल्याण’ हा जुना शब्द अर्धा दिसत होता. कपाटात वर्षवार फायली होत्या. पहिल्या काही फायलींत विद्यार्थ्यांनी हाताने लिहिलेली इतिवृत्ते होती, खाडाखोड केलेली, मतभेद नोंदवलेली. अलीकडच्या फायलींत छापील अहवाल आणि अक्षांश-रेखांश दाखवणारी रंगीत छायाचित्रे होती. समन्वयक बाई वाणिज्य शाखेत शिकवतात. आठवड्याचे सोळा तास अध्यापन ठरलेले असून रिक्त पदांमुळे त्यांच्याकडे त्याहून अधिक तास असतात. पाहुण्या वक्त्याचा चहा आणि रिक्षाभाडे आधी स्वतः देऊन मग व्हाउचर लावायचे, ही तेथील रीत आहे. त्यांचे दोन सहकारी तासिका तत्त्वावर नेमलेले आहेत. केंद्राचे बरेचसे काम तेच करतात, पण नेमणूक सत्रापुरतीच असल्याने पुढच्या वर्षी ते असतील याची खात्री कोणालाच नसते. ज्या माणसाने शंभर मुलांची नावे पाठ केलेली असतात, तोच जूनमध्ये नसतो.

‘समन्वयक’ हा शब्द या ठिकाणी फसवा ठरतो. छात्रसेनेच्या अधिकाऱ्याला हुद्दा आहे, सेवा योजनेच्या अधिकाऱ्याला एकक आणि निधी आहे, विद्यापीठाच्या संचालकाला कायद्याचा आधार आहे. नेतृत्व केंद्राच्या समन्वयकाकडे मात्र वर्गखोलीची परवानगीही दुसऱ्याकडून आणायची जबाबदारी असते. खासगी आणि अभिमत विद्यापीठांत, जी नवी मुंबईत बरीच आहेत, ‘विद्यार्थी कल्याण अधिष्ठाता’ हे पूर्णवेळ पद आढळते. तेथे कर्मचारी आणि अंदाजपत्रक अधिक असते, पण विद्यार्थ्यांनी निवडलेल्या प्रतिनिधीला उत्तर देण्याचे बंधन सार्वजनिक विद्यापीठांच्या कायद्याप्रमाणे त्यांच्यावर नसते.

अलीकडची भर राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ची आहे. त्याआधी २०१९ मध्येच जीवनकौशल्यांचा एक राष्ट्रीय अभ्यासक्रम आला होता आणि नेतृत्व व व्यवस्थापन कौशल्ये हा त्याच्या चार भागांपैकी एक होता. राज्यात संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून नवी श्रेयांक (क्रेडिट) रचना लागू झाली, तेव्हा सेवा योजना, छात्रसेना, क्रीडा, सांस्कृतिक कार्य यांना सहअभ्यासक्रम म्हणून श्रेयांक मिळाले. स्वेच्छेने येणारा विद्यार्थी आता नावनोंदणी करून येतो आणि समन्वयकाला त्याला गुण द्यावे लागतात. शंभर जणांचे एकक सांभाळणाऱ्यापुढे एकाएकी तीनशे नावांची यादी येते. बैठकीत भांडून आपले म्हणणे मांडणाऱ्या मुलाला किती गुण द्यायचे आणि मुकाट्याने सर्व दिवस हजर राहणाऱ्याला किती, याचा निकष प्रत्येक महाविद्यालय आपापल्या परीने ठरवत आहे. नवी मुंबईतल्या त्या खोलीत गेल्या सत्राची गुणयादी टेबलावर होती. समन्वयक बाईंनी त्या यादीत उपस्थितीच्या स्तंभाशेजारी पेन्सिलीने एक आणखी स्तंभ आखला होता आणि त्यात प्रत्येक नावापुढे, त्या विद्यार्थ्याने वर्षभरात स्वतःहून कोणते काम मागून घेतले, ते लिहिले होते. छापील नमुन्यात त्या स्तंभाला जागा नव्हती.