शेअर पडेल असं वाटतंय: मग पुट घ्यायचा की कॉल विकायचा?

एखादा शेअर फार चढलाय, आता तो उतरणार, असं ठाम वाटतं. ऑप्शनमध्ये नव्याने उतरलेल्या माणसापुढे तेव्हा दोन वाटा असतात: पुट (ठरलेल्या भावाला शेअर विकण्याचा हक्क) विकत घ्यायचा किंवा कॉल (ठरलेल्या भावाला शेअर घेण्याचा हक्क) विकायचा. दोन्ही सौदे मंदीचे, शेअर पडला तर दोन्हीत पैसे मिळतात. त्यामुळे क्लासमध्ये आणि टेलिग्रामच्या ग्रुपवर दोन्ही एका दमात सांगून टाकतात, आणि ऐकणाऱ्याला वाटतं की काहीही केलं तरी चालेल. तसं अजिबात नाही. नफ्याची दिशा एक असली तरी तोटा कधी, कसा आणि किती होतो यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

समजायला सोपे आकडे धरू. शेअर १,००० रुपयांवर आहे, लॉट, म्हणजे एका सौद्याचा गठ्ठा, ६०० शेअर्सचा आणि एक्स्पायरीला, म्हणजे सौद्याची मुदत संपायला, महिना आहे. १,०००च्या स्ट्राइकचा (म्हणजे ठरलेल्या भावाचा) पुट ३० रुपयांना मिळतोय, त्याच स्ट्राइकचा कॉल ३३ रुपयांना विकला जातोय. पुट घेतला तर १८,००० रुपये खात्यातून जातात. कॉल विकला तर १९,८०० रुपये जमा होतात, मात्र ब्रोकरकडे लाख-दीड लाखाचं मार्जिन, म्हणजे तारण, अडकून पडतं.

एक्स्पायरीला शेअर ९००वर आला, तर पुटवाल्याला खर्च वजा जाता ४२,००० रुपये सुटतात आणि कॉल विकणाऱ्याला तेच १९,८००. इथपर्यंत पुट सरस वाटतो. आता शेअर ९८०वर बंद झाला असं समजा. अंदाज बरोबर ठरला, शेअर पडलाच. पण पुटची किंमत उरली २० रुपये आणि आपण मोजले होते ३०. म्हणजे अंदाज खरा ठरूनही ६,००० रुपयांचा तोटा. कॉल विकणारा मात्र पूर्ण १९,८०० घेऊन जातो. शेअर १,०००वरच थांबला तर पुटवाल्याचे १८,००० शून्य होतात, विकणाऱ्याला तेव्हाही सगळा प्रीमियम, म्हणजे ऑप्शनची किंमत, मिळतो.

हे पाहिलं की बहुतेकांचा कल विकण्याकडे झुकतो. पुट घेणाऱ्याला तीन गोष्टी एकदम साधाव्या लागतात: दिशा, किती पडेल आणि कधीपर्यंत पडेल. रोज थोडा थोडा वेळ संपतो तसा प्रीमियम झिजतो, आणि शेवटच्या आठवड्यात ही झीज फार वेगाने होते. कंपनीच्या निकालाआधी घेतलेल्या पुटचं तर आणखी वाईट. निकालाच्या अनिश्चिततेमुळे प्रीमियम आधीच फुगलेला असतो. निकाल लागला की ती अनिश्चितता संपते, आणि शेअर थोडा उतरला तरी पुटचा भाव खाली येऊ शकतो. ‘शेअर पडला, मग माझा पुट का पडला?’ हा नवख्यांचा नेहमीचा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर बहुतेक वेळा हेच असतं.

तरीही कॉल विकण्याकडे धाव घेण्याआधी वरची बाजू पाहायला हवी. शेअर १,१००वर गेला तर विकणाऱ्याचा तोटा ४०,२०० रुपये. १,२००वर गेला तर १,००,२००. त्याच वेळी पुट घेणाऱ्याचे गेले ते १८,०००च. शेअर खाली शून्याच्या पलीकडे जाऊ शकत नाही, वर जायला मात्र त्याला मर्यादा नाही. शिवाय ज्या शेअर्सवर ऑप्शन चालतात त्यांना इतर शेअर्ससारखं दिवसाचं ठरावीक सर्किट, म्हणजे चढ-उताराची मर्यादा, नसतं. ओपन ऑफर (कंपनी ताब्यात घेणाऱ्याने भागधारकांपुढे ठेवलेला खरेदीचा प्रस्ताव), मोठी ऑर्डर, अपेक्षेपेक्षा चांगला निकाल, यांपैकी काहीही संध्याकाळी बाजार बंद झाल्यावर जाहीर होतं आणि सकाळी शेअर दहा टक्के वर उघडतो.

‘स्टॉप लॉस (ठरावीक भावाला तोटा थांबवणारी ऑर्डर) लावला की झालं’ असं सांगणाऱ्यांनी जून २०२४चा पहिला आठवडा आठवावा. शुक्रवारी, ३१ मेला निफ्टी २२,५३०च्या आसपास बंद झाला. शनिवारी संध्याकाळी लोकसभेचे एक्झिट पोल आले. सोमवारी बाजार उघडला तोच मोठ्या उसळीने, आणि दिवसअखेर निफ्टी ७३३ अंकांनी वर, २३,२६३वर. शुक्रवारी कॉल विकून घरी गेलेल्याला मधल्या कुठल्याच भावाला बाहेर पडायची संधी मिळाली नाही. मंगळवारी प्रत्यक्ष निकालाच्या दिवशी निफ्टी १,३७९ अंकांनी कोसळला आणि पाळी आली पुट विकणाऱ्यांची. मधे गॅप पडली की स्टॉप लॉसचा भाव नुसता कागदावर राहतो. त्यात एनएसईने २०२१मध्येच ऑप्शनसाठी मार्केट प्रकारचा, म्हणजे मिळेल त्या भावाला सौदा करणारा, स्टॉप लॉस बंद केला आहे. उरला तो लिमिटचा, म्हणजे आपण ठरवलेल्या भावापुरताच चालणारा, आणि भाव लिमिट ओलांडून पुढे गेला की ती ऑर्डर तशीच पडून राहते.

महिनोन्‌महिने छोटा छोटा नफा आणि एखाद्या दिवशी तो सगळा पुसून टाकणारा तोटा, असा विकणाऱ्याचा हिशेब असतो. म्हणूनच ‘दहापैकी आठ सौदे फायद्यात’ ही जाहिरात मला घातक वाटते. ती खोटी असेलच असं नाही. पण उरलेल्या दोन सौद्यांत किती गेले, हे ती सांगत नाही.

आता त्या वाक्याकडे येऊ, जे जवळजवळ प्रत्येक पुस्तकात असतं: ऑप्शन घेणाऱ्याचा तोटा प्रीमियमपुरताच असतो. निफ्टीच्या ऑप्शनबाबत ते खरं आहे, कारण तिथे हिशेब रोखीत मिटतो. शेअरच्या ऑप्शनबाबत मात्र भारतात ते पूर्ण खरं नाही. ऑक्टोबर २०१९पासून शेअरच्या सगळ्या फ्युचर्स-ऑप्शनची एक्स्पायरी प्रत्यक्ष शेअर्स देऊन-घेऊन मिटते. आपला पुट एक रुपयाने जरी इन द मनी, म्हणजे वापरण्यात फायदा असलेला, राहिला, तरी स्ट्राइकच्या भावाला पूर्ण लॉट द्यावा लागतो. वरच्या उदाहरणात शेअर ९८०वर आहे, म्हणजे ६०० शेअर्स डिमॅटमधून द्यायचे. ते नसतील तर लिलावातून घेतले जातात, आणि तिथला भाव आपल्या हातात नसतो. १८,००० रुपयांचा सौदा केला म्हणणारा माणूस अचानक सहा लाखांच्या व्यवहाराला बांधला जातो.

डिसेंबर २०२१च्या एक्स्पायरीला हिंदाल्कोच्या पुटमध्ये अनेकांना याचा जबर फटका बसला. बंद भाव तेव्हा शेवटच्या अर्ध्या तासाच्या सरासरीवर ठरायचा. कवडीमोल झाले म्हणून सोडून दिलेले पुट त्या टप्प्यात जेमतेम इन द मनी झाले, आणि ज्यांच्याकडे शेअर्स नव्हते त्यांच्यावर ते देण्याची जबाबदारी आली. ऑप्शन न वापरता सोडून देण्याची सोय त्याआधी ऑक्टोबरमध्ये बंद झाली होती. मध्यंतरी ती काही काळ परत आली आणि मार्च २०२३मध्ये पुन्हा गेली.

यामुळेच एक्स्पायरीच्या आधीच्या चार दिवसांत ब्रोकर पुट घेणाऱ्याकडेही वाढतं मार्जिन मागतो. पैसे भरले नाहीत तर तो सौदा स्वतः कापून टाकू शकतो. तेव्हा कापणंही सोपं नसतं. बऱ्याच शेअर्सच्या इन द मनी स्ट्राइकना शेवटच्या दिवशी गिऱ्हाईकच नसतं, आणि घेणाऱ्या-विकणाऱ्याच्या भावात चार-पाच रुपयांचं अंतर पडतं. ६००च्या लॉटवर ते दोन-तीन हजार होतात. कॉल इन द मनी राहिला तर तो विकणाऱ्यालाही शेअर्स द्यावेच लागतात, पण त्याचं मार्जिन आधीपासून अडकलेलं असतं, त्यामुळे तो निदान गाफील नसतो. पुटवाला असतो.

बाजार नियामक सेबीच्या पाहणीनुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शनमध्ये उतरलेल्या ९३ टक्के वैयक्तिक ट्रेडर्सना तोटा झाला, खर्च धरून सरासरी माणशी दोन लाख. २०२४-२५मध्ये हे प्रमाण ९१ टक्के होतं, आणि निव्वळ तोटा १,०५,६०३ कोटींवर पोचला. दरम्यान निर्देशांकाच्या सौद्यांचा किमान आकार १५ लाख झाला आणि साप्ताहिक एक्स्पायरी एका एक्स्चेंजला एकच उरली. तरी नुकसान थांबलं नाही. या आकड्यांमागे घरं आहेत, कुणाचे शिक्षणासाठी, कुणाचे लग्नासाठी बाजूला ठेवलेले पैसे आहेत. म्हणून इथे मी आडपडदा न ठेवता मत सांगतो.

हातात शेअर्स नसताना कॉल विकणं नोकरदार माणसाने करूच नये, मार्जिन भरायची ऐपत असली तरी. शेअर्स हातात असतील तर गोष्ट वेगळी: भाव वर गेला तर तेच शेअर्स देऊन मोकळं होता येतं, वरचा नफा तेवढा हुकतो. त्या सौद्यात खालची जोखीम मात्र तशीच राहते, १९,८००चा आधार ३३ रुपयांच्या घसरणीपुरता. खालची जोखीम झाकायची असेल तर हातातल्या शेअर्सवर पुट घेणं हा त्याचा खरा उपयोग आहे. तेव्हा द्यायला शेअर्स असतात आणि डिलिव्हरीची भीतीही उरत नाही. नुसता अंदाज म्हणून पुट घ्यायचाच असेल तर गेले तरी चालतील एवढेच पैसे लावा आणि एक्स्पायरीच्या आठवड्याआधी बाहेर पडा. एनएसईवर आता शेअर्सच्या ऑप्शनची एक्स्पायरी महिन्याच्या शेवटच्या मंगळवारी असते, त्यामुळे हिशेब आधीच्या आठवड्यापासून करायला हवा.

कॉल विकून वरच्या स्ट्राइकचा कॉल घेतला की तोटा बांधला जातो, हेही खरं. पण एक्स्पायरीला शेअर दोन स्ट्राइकच्या मधे थांबला, तर विकलेला कॉल इन द मनी असतो आणि घेतलेला शून्य. डिलिव्हरी मग एकट्या विकलेल्या कॉलची द्यावी लागते.

करासाठी दोन्ही सौदे सारखेच. हे उत्पन्न धंद्याचं धरलं जातं, तोटा पगारातून वजा करता येत नाही, आणि विवरणपत्र मुदतीत भरलं असेल तरच तो पुढची आठ वर्षं ओढता येतो.